कोरड्या धरणाचा भोंगा

आनंदा,

काल तुझ्या जलदानविधीत मी गोंधळ घातला. भर कार्यक्रमात उठून ‘थांबा!’ म्हणून ओरडलो. पांढऱ्या कपड्यांतली सगळी माणसं माझ्याकडं बघायला लागली आणि बौद्धाचार्य गाथा म्हणता म्हणता थांबले. तू असतास तर तोंडाला गमजा लावून हसला असतास. ते काय झालं ते मी शेवटी सांगतो. आधी आपलं जुनं भांडण पुरं करायचं आहे. आता तुला मधे बोलता येत नाही, त्यामुळं इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मला माझं वाक्य संपवायला मिळतंय.

तुझ्या लेकीनं सांगितलं, ‘आप्पाकाका, बाबांवर काहीतरी लिहा.’ तिला बहुतेक जन्म, शिक्षण, नोकरी असं काही पाहिजे असेल. ते सगळं तुझ्या सेवापुस्तकात आहे, ज्याला हवं त्यानं कचेरीत जाऊन बघावं. जे तुला ओळखत नव्हते त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की तू धरणाचे दरवाजे चालवायचास आणि मी तिथला वायरमन होतो. दरवाजे सात, भोंगा एक आणि पाणी शून्य, अशी आपली नोकरी सुरू झाली.

तेव्हा लातूर जिल्हा नवाकोरा होता. नदीचा अलीकडचा काठ लातुरात, पलीकडचा नांदेडात, आणि आपली क्वार्टरं अलीकडं. नव्या जिल्ह्याचा उत्साह दांडगा. नवे शिक्के आले, नव्या पाट्या आल्या, नवे तक्ते आले. त्यातला एक तक्ता पूरपरिस्थितीचा, रोज भरून पाठवायचा. आणि नेमका तेव्हाच दुष्काळ. धरण बांधून झालं आणि पाऊसच गेला. म्हातारी माणसं म्हणायची, ‘भिताडाला भिऊन पळाला.’ धरणाच्या पोटातून लोक बैलगाड्या हाकत जळकोटच्या बाजाराला जायचे. पाणी मोजायच्या पट्टीच्या तळाशी एक घोरपड येऊन बसायची. तू रोज सकाळी तिथपर्यंत चालत जायचास, पट्टी बघायचास आणि तक्त्यात लिहायचास: पाणी नाही, आवक नाही, जावक नाही, पूर नाही, दरवाजे तयार.

एकदा कंटाळून तू शेऱ्याच्या रकान्यात ‘घोरपड एक’ असं लिहिलंस. महिन्याभरानं वरून पत्र आलं, की सदर घोरपड हलवण्याबाबत काय कार्यवाही केली ते कळवावे. तू सुंदर अक्षरात उत्तर पाठवलंस, ‘सदर घोरपड स्वेच्छेने निघून गेली आहे.’ त्या पत्राची नक्कल मी बरीच वर्षं पाकिटात ठेवली होती, पार चुरा होईपर्यंत.

पण सोमवार आला की तुझी सगळी चेष्टा बंद. सोमवारी सकाळी दहाला दरवाज्यांची तपासणी. आधी भोंगा, तीन वेळा, लांब. मग खाली उतरून नदीच्या पात्रातून वळणापर्यंत चालत जायचं, पात्रात कोण आहे ते बघायचं, असेल त्याला काठावर चढवायचं. मग वर येऊन मधला दरवाजा वीतभर उचलायचा, नंतर त्याच्या दोन्ही बाजूंचे जोडीजोडीनं, म्हणजे पाणी एकाच काठाला खात नाही. मग त्याच्या उलट क्रमानं बंद करायचे. हे सगळं अशा धरणात, जिथं चिमणीला चोच बुडवायला पाणी नव्हतं. मी भोंग्याजवळ उभा राहून कपाळाला हात लावायचो.

आपलं भांडण तिथूनच सुरू झालं. मी म्हणालो होतो, ‘आनंदा, पाणी न्हाई न काही न्हाई, भोंगा कुणासाठी वाजवून राहिलास? लांडगा आला रे आला व्हईल बघ. खऱ्या दिवशी कुनी ऐकायचं न्हाई.’

तू दोरखंडाला वंगण लावत होतास. वर न बघता म्हणालास, ‘कानाला वळण लागाया पाहिजे, आप्पा. पाणी इचारून येत न्हाई.’

‘आरं पण खामखा मोटर झिजती.’

‘मोटर झिजंल तर तू हाईस. मानूस व्हावून गेलं तर कोण हाय?’ आणि मग तुझं ते ठरलेलं वाक्य, जे मी हजारदा ऐकलं असेल: ‘दरवाजा तर मोटर उचलती. त्याला मी कामून पाहिजे? माझं काम येवढंच, पाणी सोडायच्या आदी खाली कोण हाय ते बघायचं.’

खाली असायची गयामावशी. दरवाज्यांपासून शंभरेक पावलांवर, भर पात्रात, वाळूत तिची वाडी. वाळूत झिरा खणून ती पाणी काढायची आणि काकडी-टरबूज लावायची. एक खोप होती, आणि चिंगी नावाची एक शेळी होती. दर सोमवारी भोंगा झाला की तू तिच्यापुढं जाऊन उभा राहायचास.

‘मावशे, ऊठ. काठावर चल.’

‘कामून?’

‘पाणी सोडून राहिलोय.’

‘कुठलं पाणी?’

‘आसं समज.’

‘आसं कसं समजू? येड लागलंय व्हय तुला? गुडघे धरल्यात माझे. मी चढंन, पर शेळी कोण नेईल?’

मग तू शेळी उचलायचास. सरकारी खाकी कपड्यात, खांद्यावर शेळी घेऊन, तू नदीचा काठ चढून राहिलायस, मागून म्हातारी तुला शिव्या घालून राहिलीय, आणि भिंतीवर मी पोट धरून हसतोय. हे दर सोमवारी, एक सोमवार न चुकता. ऊन असो, थंडी असो, बुद्धपौर्णिमा असो की महाशिवरात्र असो. वर्षभरात चिंगी चांगली थोराड झाली आणि तुझी कंबर धरली, तरी तू ती उचलतच होतास. वहिनींनी तुझ्या कमरेला रोज शेक दिला असेल, पण तुझा सोमवार काही चुकला नाही.

हळूहळू खालच्या गावाला भोंग्याची सवय झाली, पण तुला हवी तशी नाही. त्या गावात घड्याळं कमी, आणि जी होती ती मनाला येईल तशी चालायची. लोकांनी आपल्या भोंग्यावर घड्याळं लावायला सुरुवात केली. सोमवारी भोंगा झाला की बाजाराची पालं उघडायची, मास्तर शाळेची घंटा द्यायचे. एका लग्नात तर अक्षता भोंग्यावर पडल्या. गयामावशी त्याला ‘आनंदाचं कोंबडं’ म्हणायची. मी तुला म्हणालो, ‘बघ, लोकायला भ्या वाटाया पाहिजे तर ते अक्षता टाकून राहिलेत.’ तू म्हणालास, ‘कान तर दिऊन राहिलेत ना?’ तुझ्याशी भांडणं म्हणजे भिंतीशी भांडणं होतं, आणि भिंतीवर आपण दोघंही नोकरीला.

आता माझ्या चुकीकडं येतो. आतापर्यंत लांबण लावली ती त्यासाठीच.

माझी धाकटी बहीण महादेवी लग्नाची होती. पहिलं स्थळ उदगीरचं आलं. पाहुणे सोमवारी आले, कारण आमच्यात सोमवार महादेवाचा, शुभ कामाला दुसरा वार कशाला बघायचा? मुलाचे आजोबा पसंत म्हणायच्या बेतात होते आणि तुझा भोंगा वाजला. आजोबांच्या हातातली कपबशी उडाली, चहा धोतरावर सांडला, आणि ते ‘अपशकुन, अपशकुन’ करत एसटीच्या थांब्याकडं चालायला लागले. महादेवी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तुला ते सांगितलं तर तू एवढंच विचारलंस, ‘भाजलं तर न्हाई ना फार?’

दुसरं स्थळ अहमदपूरचं होतं, आडतीच्या धंद्यातले लोक, माणसं चांगली. त्यांनीही सोमवारच धरला. मी तुझ्या पाया पडायचा बाकी होतो. ‘एक दिस, आनंदा. एक दिस दहाचा भोंगा बाराला वाजीव.’ तू म्हणालास, ‘पाव्हण्यायला च्या साडेदहाला दे.’

आणि हे सगळं कधी चाललं होतं? दुष्काळ सरला त्या पंधरवड्यात. आभाळ एकदाचं वळलं होतं, वर डोंगरात धो धो पडत होतं आणि धरण पहिल्यांदा भरत आलं होतं. लोक दुरून बघायला यायचे, नारळ फोडायचे. दरवाजे मात्र बंदच होते आणि खालचं पात्र कोरडंच होतं. तू गयामावशीला वाडी हलवायला सांगून थकलास. तिचा हिशेब सरळ होता. ‘धरण कशाला बांधलंय? पाणी आडवाया. मंग आडीवलेलं पाणी खाली कसं यील?’ साहेब म्हणाले होते की बुधवारच्या आत काही दरवाजे उघडावे लागत नाहीत. मी साहेबांच्या त्या शब्दाचा आधार घेतला.

रविवारी संध्याकाळी, तू पट्टी बघायला गेला होतास तेव्हा, मी भोंग्याचा फ्यूज काढला आणि शर्टाच्या खिशात टाकला. चिनी मातीचा, मुठीत मावणारा. म्हटलं, उद्या पाहुणे गेले की गुपचूप लावून टाकू. आनंदा, धरणात पाणी असताना मी तो काढला. कोरड्या धरणात काढला असता तर एवढी वर्षं हे मनात ठेवून बसलो नसतो.

सोमवारी दहाच्या सुमाराला पाहुणे बसले होते, महादेवी ट्रे घेऊन आली होती. मी अर्धी रजा टाकून नवा शर्ट घातला होता. बाहेर लख्ख ऊन होतं. आणि भिंतीवरून तुझी हाक आली, ‘आप्पाऽऽ, पाणी आलंय! भोंगा मेलाऽऽ!’

मी ताडकन उठलो. खुंटीकडं धावलो तर शर्ट नाही. बायकोला विचारलं, ‘माझा शर्ट?’ ती म्हणाली, ‘अंगावर हाय की.’ मी म्हटलं, ‘मळका, मळका!’ ती म्हणाली, ‘भिजू घातलाय.’ मी न्हाणीत घुसून बादलीत कोपरापर्यंत हात घातला. आधी वडिलांचं धोतर हाताला लागलं, मग परकर, मग शर्ट. खिशातून फ्यूज काढला, त्यातून साबणाचं पाणी गळत होतं. बाहेरच्या खोलीत येऊन हाताला लागलेल्या पहिल्या फडक्याला तो पुसला. ते अहमदपूरच्या पाहुण्यांचं जरीचं उपरणं होतं, आणि ते त्यांच्या खांद्यावर होतं. कुणी काही विचारायच्या आत मी अनवाणी धूम ठोकली.

भिंतीवर पोचलो तेव्हा पाणी दरवाज्यांच्या माथ्यापासून चार बोटं खाली होतं. फोनचा रिसीव्हर नुसता लोंबत होता आणि त्यातून साहेबांचा आवाज येत होता, ‘उघडा! उघडा!’ तू एकटा, खाली उतरावं तर वर कुणी नाही. मोटरच्या बटणाजवळ तू उभा होतास, आणि रिसीव्हरकडं तोंड करून शांतपणे सांगत होतास, ‘साहेब, भोंगा वाजल्याबिगर दरवाजा हालणार न्हाई. पाहिजे तर लिहून घ्या.’ तुझ्या गंजिफ्रॉकची पाठ घामानं चिंब झाली होती. तू शांत नव्हतास, हे मला त्या पाठीवरून कळलं.

मला बघितलंस आणि पुढं आलास. माझ्या हातातून फ्यूज घेतलास, स्वतः बसवलास आणि बटण दाबलंस. दहाचा भोंगा सव्वादहाला वाजला, तीन वेळा, लांब. मग तू मला फोनजवळ उभं करून खाली धावलास.

मी वरून बघत होतो. तेव्हा जे दिसलं ते अजून डोळ्यांपुढं आहे. पात्रात एक गाडीवान वाळू भरत होता. भोंगा ऐकून त्यानं फावडं टाकलं, मनगट वर केलं आणि आपलं घड्याळ पाव तास मागं केलं. नंतर कळलं, सगळ्या गावानं तेच केलं. ‘आज दहा जरा उशिरा वाजल्यात’ असं म्हणत प्रत्येकानं घड्याळाचा काटा फिरवला. पाय कुणाचाच हलला नाही. गयामावशीनं तर मानही वर केली नाही, ती काकड्या तोडत होती.

हलली ती फक्त चिंगी. पहिल्या भोंग्याला तिनं कान टवकारले. दुसऱ्याला तुझी वाट बघितली, उचलायला कोणी येत नाही असं दिसलं तेव्हा तोंडातल्या वेलासकट तिनं काठाकडं उडी घेतली. तिसऱ्याला ती वर होती. तिच्या मागं गयामावशी काठी घेऊन, ‘थांब ग मेले, टाक त्यो येल!’ करत काठ चढून राहिलेली. गुडघे धरलेली बाई हरणासारखी पळत होती. तू पोचलास तो थेट बैलांचा कासरा धरलास. गाडीवान तुझ्या मागं ओरडत येत होता, ‘आरं दहाच तर वाजल्यात!’ तू वळणापर्यंत गेलास. काठावर येऊन लाल फडकं हलवलंस, परत वर आलास, आणि मग आपण मधला दरवाजा उचलला.

वाडी, खोप, झिरा, वेल सगळं बघता बघता गेलं. मावशी काठावर हातात एक काकडी घेऊन उभी होती. गाडीवानानं घड्याळ काढून खिशात टाकलं. कुणी हसलं नाही. मी तिथंच भिंतीवर खाली बसलो. ती शेळी जरा सुस्त असती, तर मी आज हे लिहायला कुठल्या तोंडानं बसलो असतो?

दुसऱ्या दिवशी गयामावशी भिंतीवर आली. मला वाटलं, आता तुझ्या पायावर डोकं ठेवते. ती कमरेवर हात ठेवून म्हणाली, ‘वरीसभर फुकट शेळी उचलून नेलास, आन खऱ्या दिशी आलाच न्हाईस! हेच का तुझं काम?’ तू हात जोडून म्हणालास, ‘चुकलं मावशे.’ मग तिनं पदराआडून ती उरलेली काकडी काढली आणि तुझ्यापुढं ठेवली. तू तिचे दोन तुकडे केलेस आणि मोठा मला दिलास. तो मला गिळवला नाही, हे तुला तेव्हा दिसलं होतं का?

मग चौकशी आली. साहेबांनी विचारलं, भोंगा पंधरा मिनिटं उशिरा का? मी तोंड उघडणार होतो. खरंच उघडणार होतो, आनंदा. तेवढ्यात तू म्हणालास, ‘साहेब, मुंगळा शिरला व्हता बटणात.’ इतक्या गंभीर चेहऱ्यानं म्हणालास, की साहेबांनी ‘मुंगळा’ असं लिहून घेतलं. वरच्या कचेरीनं ही बाब मनावर घेतली. त्या वर्षापासून दर पावसाळ्याआधी आपल्या धरणाला मुंग्या मारायच्या पावडरीचा एक डबा येऊ लागला. आपण रिटायर होईपर्यंत तो चुकला नाही. ग्रीस मागून मागून मिळायचं नाही, पण पावडर वेळेवर. आणि ती पावडर भोंग्याच्या खोलीत टाकायचं काम, अर्थातच, वायरमनचं. दर वर्षी मी गुडघ्यावर बसून, जो मुंगळा कधी आलाच नव्हता त्याच्यासाठी ती पावडर टाकायचो, आणि तू दारात उभा राहून ‘कोपऱ्यात बी टाक’ म्हणून सांगायचास.

महादेवीचं जमलं, ते तुला माहीत आहेच. अहमदपूरचे पाहुणे म्हणाले, ‘आमच्या उपरण्याला पुसला का असंना, पोरगा कामावर पळाला. असं घर चालतंय आम्हाला.’ भोंग्याच्या वेळी त्यांनी कपबशी दोन्ही हातांनी धरून ठेवली होती, असं बायकोनं सांगितलं. म्हणजे माझ्या गुन्ह्याचं मला बक्षीस मिळालं, आणि तुझ्या वाट्याला शिव्या आणि अर्धी काकडी.

त्यानंतरचं भांडण आपण शेवटपर्यंत भांडलो. मी म्हणायचो, ‘बघ, एक माणूस हालला न्हाई. सगळ्यांनी घड्याळं लावली. मी बरोबर व्हतो.’ तू म्हणायचास, ‘शेळी हालली ना?’ मी म्हणायचो, ‘शेळीसाठी सरकारनं भोंगा बसवला व्हय?’ तू म्हणायचास, ‘शेळीला वळण लागतंय, तर माणसाला बी लागंल. येळ द्यावा लागतो.’ आणि तुझंच खरं झालं, हे मी तोंडावर कधी म्हटलं नाही. त्या दिवसानंतर दर सोमवारी, भोंग्याच्या पहिल्या आवाजाला, खालचं अख्खं गाव पात्र सोडून काठावर उभं राहायचं, मग घड्याळं लावायचं. आता लिहून देतो: भांडण तू जिंकलास. शिक्क्यासह हवं असेल तर तेवढं आता जमणार नाही.

पण एक राहिलं. त्या दिवसापासून, दर सोमवारी, बटण दाबायच्या आधी तू माझ्याकडं बघून विचारायचास, ‘आप्पा, मुंगळा?’ आणि मी म्हणायचो, ‘न्हाई.’ मग तू बटण दाबायचास. मला कधी वाटायचं तुला सगळं ठाऊक आहे, कधी वाटायचं, मी घरातून नवा फ्यूज घेऊन आलो असं समजून तू बापडा मुंगळ्यावरच विश्वास ठेवून आहेस. विचारायची छाती झाली नाही. धाडस केलं ते एकदाच, फ्यूज काढताना, तेही तुझ्या पाठीमागं.

गेल्या महिन्यात नांदेडच्या दवाखान्यात तुला बघायला आलो ते हेच सांगायला. तू सलाइनच्या बाटलीकडं बघत पडला होतास. मला म्हणालास, ‘आवक बरी हाय, जावकीचं जमंना.’ नर्ससुद्धा हसली. मी तोंड उघडलं. तू विचारलंस, ‘आप्पा, आज सोमवार का?’ होता बुधवार. मी म्हटलं, ‘हाव.’ तू विचारलंस, ‘मुंगळा?’

मी म्हटलं, ‘न्हाई.’

तू डोळे मिटून मान हलवलीस. मी बाहेर येऊन एसटी स्टँडवर बसलो आणि लहान पोरासारखा रडलो. आलो कशाला होतो आणि बोललो काय?

आता कालचं सांगतो. तुझ्या अंगणात मांडव घातला होता. तसबिरींपुढं मेणबत्त्या, त्रिशरण-पंचशील झालं. मग चौरंगावर पितळी ताट आणि त्यात वाटी ठेवली. एकेक जण तांब्यातून त्या वाटीत तुझ्या नावानं पाणी सोडत होता. वाटी भरली, पाणी ताटात उतरलं, ताटही काठोकाठ आलं. ताट थोडं अंगणाच्या उताराच्या बाजूला कललं होतं, ते कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेवटी वहिनींनी तांब्या माझ्या हाती दिला. म्हणाल्या, ‘आप्पा, तुमी सोडा.’

मी तांब्या कलवला, आणि माझी नजर आपोआप खाली गेली. चौरंगाच्या पायाशी, बरोबर उताराच्या बाजूला, तुझी चार महिन्यांची नात दुपट्यावर झोपली होती. कुणीतरी गर्दीत तिला तिथं ठेवली होती. मी ‘थांबा!’ म्हणून ओरडलो तो तेव्हा. दुसरं कुणी पाणी सोडतच नव्हतं, मीच सोडत होतो, तरी मी ओरडलो. तांब्या खाली ठेवून मी तिला उचललं, तुझ्या लेकीच्या मांडीवर दिलं, आणि मग चौरंगाच्या चारी बाजूंनी एक चक्कर मारून बघितलं, कुणी राहिलं नाही ना. लोकांना वाटलं असेल, म्हातारा भ्रमला.

वहिनी एकट्याच हसत होत्या, डोळ्यांतून पाणी चाललेलं होतं तरी. म्हणाल्या, ‘आप्पा, मुंगळा?’

आणि एवढ्या सगळ्या माणसांत माझ्या तोंडून निघालं, ‘मुंगळा नव्हता वहिनी. फ्यूज माझ्या खिशात व्हता.’

‘ठाव हाय,’ वहिनी म्हणाल्या. ‘त्यायनी त्याच दिशी सांगितलं. म्हणले, साबणाच्या वासाचा मुंगळा मी पहिल्यांदा बघितला.’ मग पदरानं डोळे पुसून त्यांनी तांब्या पुन्हा माझ्या हातात दिला. ‘म्हणले, त्याला कधी इचारू नगं. त्यो आता जल्मभर भोंगा तपासून घील. सोडा आता पाणी.’

मी सोडलं, आनंदा. वाटी भरून वाहिली, ताट भरून वाहिलं, पाणी अंगणातून उतारानं गेलं. खाली कुणी नव्हतं. मी बघून घेतलं होतं.